आल्प्समधला स्फटिक बुडाशी तुटलेला का असतो?

मंदाकिनी_सातारा
नमस्कार मंडळी. मुलगा-सून स्वित्झर्लंडमध्ये बर्नला असतात. त्यांच्याकडे दोन महिने राहून मागच्या आठवड्यात साताऱ्याला परतले. एका गोष्टीने डोक्यात घर केलंय, म्हणून हा धागा.

ग्रिम्झेल खिंडीकडे जाताना एका गावात रस्त्याकडेला एक आजोबा टेबल मांडून बसले होते. टेबलावर स्फटिक, सगळे त्यांनी स्वतः डोंगरातून काढलेले. हात बघितले आणि मला आमचे वडील आठवले. नखांत दगडाची भुकटी कायमची बसलेली. माझ्या बोटाएवढा एक स्फटिक मी घेतला. वरचं टोक सहा पैलूंचं, पाण्यासारखं नितळ. एका अंगाला हिरवट-काळं काहीतरी आतच अडकलंय, शेवाळ असावं तसं. खालची बाजू मात्र ओबडधोबड.

इथे आल्यावर शेजारच्या एका गृहस्थांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "काकू, हा बुडाशी मोडलेला माल आहे. तुम्हाला फसवलं." मला वाईट वाटलं. पैशाचं नाही, त्या आजोबांबद्दल असं ऐकायचं वाईट वाटलं. नीट पाहिलं तर बुडाशी काच फुटल्यावर येते तशी धार नाही. बारीक बारीक टोकं आहेत, उन्हात धरलं की सगळी एकदम चमकतात.

आणखी एक. निघताना आजोबा काहीतरी बोलले. मुलाने सांगितलं, "ते म्हणतायत, हा भिंतीला नव्हता, मातीत निजला होता." त्याचा अर्थ मुलालाही लागला नाही, मलाही नाही.

जाणकारांनी सांगावं: हा तुटका आहे का? आत शेवाळ कसं? आणि ही माणसं डोंगरातून हे काढतात तरी कसं?

सह्यवेडा
काकू, स्वित्झर्लंडला जाऊन गारगोटी घेऊन आलात! आमच्या परळी खोऱ्यात पोतंभर दिली असती.

मंदाकिनी_सातारा
@सह्यवेडा, पोतंभर आणून द्या, जागा करते. लहानपणी गारगोट्या एकमेकींवर आपटून अंधारात ठिणग्या पाहायचो, तो जळका वास अजून आठवतो. पण तुमच्या पोत्यातली एक तरी इतकी नितळ दाखवा.

खडकवाचक
तीस वर्षं भूशास्त्र शिकवलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

सह्यवेडा यांचं खोटं नाही. गारगोटी आणि काकूंचा स्फटिक, दोन्ही क्वार्ट्झच. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, बस्स. पण घडण वेगळी. आपला सह्याद्री लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे पाण्यातून त्यांत क्वार्ट्झ, झिओलाइट, अपोफिलाइट अशी खनिजं भरत गेली. जळगाव, नाशिक, पुणे या भागांत विहिरी आणि दगडखाणी खणताना निघतात ते हेच. सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा.

आल्प्समध्ये बुडबुडे नाहीत. तिथे आफ्रिकेकडची आणि युरोपची भूमी एकमेकींवर रेटली गेली, पर्वत उचलला गेला आणि त्या ताणाताणीत खडकाला भेगा पडल्या. साधारण दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल. भेगांत सुमारे ४०० अंश तापलेलं पाणी शिरलं. दाब इतका की ते उकळून उडून जाऊ शकत नव्हतं. शेजारच्या खडकातलं सिलिका (म्हणजे तेच सिलिकॉन-ऑक्सिजन) त्या पाण्याने विरघळवून घेतलं आणि पर्वत वर येत गेला, पाणी निवत गेलं, तसं भेगेच्या भिंतींवर बसवलं. थराथराने, घाई नाही. मोकळी जागा मिळाली म्हणून पैलू नीट वाढले. दगडाला वाढायला जागा लागते, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो.

आणि पैलूंचे कोन? मोठा असो की तांदळाएवढा, वेडावाकडा वाढलेला असो की सरळ, शेजारशेजारच्या दोन उभ्या पैलूंमधला कोन १२० अंशच. निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये हे लिहून ठेवलं, आणि त्याच्यापुढे क्वार्ट्झच होतं. काकू, घरात कोनमापक असेल तर लावून बघा.

बुडाचा फोटो टाकाल का? भिंगातून, जवळून. तोवर शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

आल्प्सकर
काकू, तुम्ही ज्या रस्त्याने गेलात त्याच्या खालच्या अंगाला माझं घर. इथे बारा वर्षं झाली. हे स्फटिक काढणाऱ्यांना 'श्ट्रालर' म्हणतात. फ्रान्सच्या बाजूला, शामोनीत, 'क्रिस्तालिए'. १७८६ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी जाक बाल्मा हा हेच काम करायचा, रानबकरीसारख्या शॅमॉय नावाच्या प्राण्याची शिकार आणि स्फटिक गोळा करणं. दुसरा, पाकार, डॉक्टर. डोंगराच्या वाटा आधी स्फटिकवाल्यांना माहीत होत्या, गिर्यारोहक नंतर आले.

काढतात कसं? शेजारच्या गावातल्या एका श्ट्रालरबरोबर मी दोन उन्हाळे गेलोय. मोसम जेमतेम जुलै ते सप्टेंबर, बर्फ हटलं की. ते कड्याकडे दुर्बिणीतून तासन्‌तास बघत बसतात. शोधायचा असतो ग्रॅनाइटमधला पांढरा क्वार्ट्झचा पट्टा. त्या पट्ट्याशेजारी खडक कुजल्यासारखा, सच्छिद्र दिसला की थांबायचं, कारण तिथलं सिलिका कुठेतरी गेलंय. कुठे गेलं? भेगेत. मग हात घालायचा. हिरवी ओलसर रेती हाताला लागली की त्यांचा चेहराच बदलतो.

हत्यारं साधी. हातोडा, छिन्नी, वाकडे आकडे आणि 'श्ट्रालश्टॉक', म्हणजे आपल्या पहारीची लांब चुलत बहीण. स्फटिक वर्तमानपत्रात गुंडाळून पाठीवरून खाली आणायचे. चार तासांची उतरण, पाठीला तीस किलो. माझे गुडघे त्या रात्री झोपू देईनात, माझ्याबरोबरचे श्ट्रालर आजोबा पासष्ट वर्षांचे, घरी जाऊन गायी पिळायला बसले.

नीलिमा_ज
किती छान लिहिलंय! भिंगातून बघायची उत्सुकता मलाही लागली.

यावरून एक विचारू का? आजीची स्फटिकाची माळ माझ्याकडे आलीय. ती खरी की काचेची, कसं ओळखू? एका दुकानात "काच आहे" म्हणाले, दुसऱ्यात "अस्सल हिमालयीन". दोघांनी हातातसुद्धा नीट घेतली नाही.

खडकवाचक
@नीलिमा_ज, सकाळी उठल्याबरोबर माळ गालाला लावा. क्वार्ट्झ अंगाची ऊब काचेपेक्षा लवकर ओढून घेतं, त्यामुळे जास्त गार लागतं आणि गार राहतं. मग भिंगातून मणी बघा. आत गोल गोल बुडबुडे दिसले तर काच. धुरकट पदर, पिसासारख्या रेषा दिसल्या तर आशा आहे. ओरखड्याची परीक्षा (क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं) आजीच्या माळेवर करू नका. खात्री हवीच असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाखाली दोन मिनिटांत कळतं.

पक्या_हिमालय
"अस्सल हिमालयीन" बद्दल दोन शब्द. हिमाचलमधल्या पार्वती खोऱ्यात मी सात-आठ वेळा गेलोय. मणिकर्णला दुकानांत जे मांडलेलं असतं त्यातलं काही खरंच वरच्या गावांतून आलेलं असतं, काही कुठून आलंय ते दुकानदारालाही माहीत नसतं. वरच्या गावात मेंढपाळाकडे पाहिलेला स्फटिक मात्र विसरणार नाही. टोपीच्या घडीत ठेवला होता. विकत मागितला तर म्हणाला, "हा घरी देवाजवळ ठेवायचा आहे."

नेपाळमध्ये गणेश हिमालच्या परिसरातून येतात त्यांतही काकूंच्यासारखी हिरवी झाक असते. तिथेही पर्वत तसाच रेटला जाऊन वर आलाय, म्हणून असेल का?

खडकवाचक
@पक्या_हिमालय, बरोबर. ते हिरवं शेवाळ नाही. क्लोराइट नावाचं खनिज आहे, अभ्रकासारखं पापुद्र्यांचं, पण कण अगदी बारीक. आल्प्सकर ज्या हिरव्या रेतीबद्दल बोलले ती हीच. स्फटिक वाढत असताना त्यावर बसली आणि वरून पुन्हा क्वार्ट्झ चढलं की आत कायमची बंद. काकूंचा दुसरा प्रश्न सुटला.

रानवाट
सगळं वाचलं. मला एक टोचतंय, आणि ते बोलायलाच हवं. दोन कोटी वर्षं डोंगराने सांभाळलं, आणि माणूस पहार घालून काढणार, टेबलावर मांडणार. आपण सह्याद्रीत गडावरची फुलं तोडू नका, दगड उचलू नका सांगतो. आल्प्समध्ये गेलं की तीच गोष्ट "परंपरा" कशी होते?

आल्प्सकर
@रानवाट, प्रश्न रास्त आहे. मलाही पहिल्या उन्हाळ्यात हाच पडला होता. एक बाजू मांडतो.

भेग उघडी पडली की स्फटिकाचे दिवस भरले. पाणी आत शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, स्फटिक तडकतो. काही वर्षांत दगडगोट्यांच्या उतारावर त्याचा चुरा दिसतो. तो चुरा मी ओंजळीने उचललाय. श्ट्रालर म्हणतात, आम्ही नाही काढला तर हिवाळा काढेल, आणि हिवाळा गुंडाळून आणत नाही.

दुसरं, इथे कुणीही उठून खणत नाही. ऊरी कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य) परवाना लागतो, इतर ठिकाणी गावागावाचे नियम वेगळे. एखाद्याने भेग शोधली आणि तिथे आपल्या नावाचं हत्यार ठेवलं की दुसरा तिला हात लावत नाही. कुणी लावला तर गावात त्याच्याशी बोलत नाहीत. ग्रिम्झेलजवळच्या गेर्स्टेनएगची भेग तर १९७४ मध्ये जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खणताना सापडली आणि तशीच राखली. बोगद्यातून आत नेतात, काचेपलीकडे ती भेग जशीच्या तशी. काकू, पुढच्या वेळी बघाच. तिथे मोठ्याने बोलावंसं वाटत नाही.

रानवाट
गेर्स्टेनएगचं वाचून बरं वाटलं. म्हणजे जागेवर राखणं शक्य आहे, हे तुम्हीच सांगितलंत. बंद भेगा फोडण्याबद्दल माझा आक्षेप कायम. उघड्या पडलेल्यांबद्दल मात्र तुमचं म्हणणं पटलं.

सह्यवेडा
इतका समंजस वाद या पानांवर पहिल्यांदा पाहतोय. स्फटिकाचा गुण म्हणायचा का?

तेजस्विनी
@सह्यवेडा, हसू नका, गुण असतो! मी रोज स्फटिकाची माळ घेऊन जप करते. मन शांत होतं हा माझा अनुभव. क्वार्ट्झ दाबलं की वीज तयार होते हे तर विज्ञानच म्हणतं ना?

खडकवाचक
@तेजस्विनी, तुमच्या शांततेबद्दल मला शंका नाही. रोज ठरावीक वेळी बसून, गार मणी एकेक सरकवत नाव घ्यायचं, त्याने मन निवणारच. पण त्याचं श्रेय विजेला देऊ नका, तुमच्या नेमाला द्या. जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलेली वीज खरी आहे, पण ती स्फटिक ठरावीक दिशेने दाबला तरच, आणि दाब बदलत असेपर्यंतच. आजारपणात माळ जवळ असू द्या, औषध मात्र डॉक्टरांचंच घ्या.

तेजस्विनी
नेमाला द्या... हे आवडलं. खरंच.

टिकटिक
क्यूरी बंधूंचं नाव निघालं म्हणून लिहितो. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याच गुणावर आपली मनगटी घड्याळं चालतात, फक्त उलट. स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. हा आकडा म्हणजे एकाची पंधरा वेळा केलेली दुप्पट. अर्धे-अर्धे करत गेलं की बरोबर एक ठोका उरतो. १९६९ च्या डिसेंबरात जपानमध्ये पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला आलं. स्वित्झर्लंडमध्येही त्याआधी, १९६७ मध्ये, नमुना तयार झाला होता, पण बाजारात जपान पुढे गेलं आणि तिथल्या चावीच्या घड्याळांच्या कारखान्यांची पार दैना झाली. ज्या देशाच्या डोंगरात हा दगड, त्याच देशाला त्याने असा तडाखा दिला.

आमच्याकडेही तेच. चावीची घड्याळं यायची थांबली, राहिलं फक्त सेल बदलणं. वडील सेल बदलताना कुणाशी बोलायचे नाहीत. चावीचं घड्याळ उघडलं की मात्र मला हाक मारायचे, "ये, बघ."

मला खूप वर्षं वाटायचं की घड्याळातला स्फटिक डोंगरातून येतो. नाही. तो पोलादी बंद भांड्यात, दाबाखाली, तापलेल्या पाण्यात वाढवतात.

खडकवाचक
@टिकटिक, वडिलांची आठवण फार आतून लिहिलीत. आणि ते पोलादी भांडं म्हणजे आल्प्सच्या भेगेचीच नक्कल. गरम पाणी, दाब, विरघळलेलं सिलिका. डोंगराला लाखो वर्षं लागतात ते तिथे काही आठवड्यांत.

नीलिमा_ज
माळ गालाला लावली. गार आहे! आणि भिंगातून एका मण्यात पिसासारखं काहीतरी दिसलं. आजी म्हणायची, "यात हिमालयाचा बर्फ आहे." तेव्हा वाटायचं, काहीतरी सांगते.

आल्प्सकर
@नीलिमा_ज, आजीसारखंच जुन्या ग्रीक-रोमन लोकांनाही वाटायचं. 'क्रिस्टल' हा शब्दच ग्रीक भाषेतल्या बर्फावरून आलाय. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत बर्फ असा गोठला की पुन्हा वितळलाच नाही, असं रोमचा लेखक प्लिनी लिहून गेला. कड्यावर बर्फाशेजारी स्फटिक बघितला की त्यांची चूक समजून घेता येते.

आता बर्फ हटतंय तशा नव्या जागा उघड्या पडताहेत. ऊरी आणि ग्राउब्युंडन या कँटनांच्या सीमेवर २८०० मीटरवर एका श्ट्रालरला बर्फाच्या कडेला हरणाचं शिंग आणि लाकूड मिळालं. पुरातत्त्ववाले आले, तर कळलं की मध्याश्मयुगातली माणसं तिथे स्फटिक काढत होती, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी. त्या भागात चकमकीचा दगड नाही, म्हणून पाती करायला स्फटिक. म्हणजे हा उद्योग गव्हापेक्षा जुना आहे इथे.

पण बर्फ हटणं चांगलं नाही. कडे ज्या गोठलेल्या पाण्याने सांधलेले होते तेच सैल होतंय. माझ्या ओळखीच्या श्ट्रालरने एक जुनी भेग कायमची सोडली. दुपारी दगड सुटायला लागतात, म्हणाला.

पक्या_हिमालय
काकूंच्या तिसऱ्या प्रश्नात "किती मोठे" हे राहिलंच. बर्नच्या संग्रहालयात बघितलेत का, काकू?

मंदाकिनी_सातारा
@पक्या_हिमालय, बघितले! प्लांगेनस्टॉक डोंगरातले. फ्रान्झ फॉन आर्क्स आणि पॉल फॉन केनेल या दोघांनी वर्षानुवर्षं डोंगरात बोगदा खणत नेला आणि २००५ मध्ये ती भेग लागली, असं मुलाने वाचून सांगितलं. मीटरभराहून लांब स्फटिक. दालनात अंधार ठेवलाय आणि ते उजळलेले. माझ्या पाच वर्षांच्या नातवाने विचारलं, "आजी, हे आत लाइट नसताना पण असेच होते?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरीकडे काळेभोर होते, १८६८ मध्ये सापडलेले, त्यांतले काही शंभर किलोच्या वरचे. ते काळे का?

खडकवाचक
काळ्यांना धूम्रस्फटिक म्हणू. ग्रॅनाइटमध्ये अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य असतं. स्फटिकात ॲल्युमिनियमचा अंश असेल तर लाखो वर्षांत तो किरणांनी काळवंडतो. तापवला तर पुन्हा निवळतो. नातवाला सांगा, हो, अगदी असेच होते, फक्त बघायला कुणी नव्हतं.

काकू, फोटो?

मंदाकिनी_सातारा
टाकलाय. सुनेने दिलेल्या भिंगातून काढला. एक बूड, एक हिरवट बाजू. हिरवं फक्त एकाच अंगाला आहे, दुसरं अंग एकदम स्वच्छ.

खडकवाचक
काकू, चहा बाजूला ठेवून लिहितोय.

तुमचे शेजारी अर्धे बरोबर आहेत. तुमचा स्फटिक तुटलेला आहे. पण आजोबांच्या पहारीने नाही, आणि वाटेत पडूनही नाही. तो डोंगराच्या आतच तुटला, माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर नव्हता तेव्हा. भेग ताणली गेली, खडक हलला, आणि भिंतीला चिकटलेला हा मुळापासून सुटून खाली पडला. पाणी अजून तापलेलंच होतं, सिलिका येतच होतं. मग तुटलेल्या जागेवर पुन्हा क्वार्ट्झ चढायला लागलं. एक मोठं टोक करायला तिथे एकसंध पृष्ठ उरलं नव्हतं, म्हणून शेकडो बारीक टोकं आली. उन्हात चमकतात ती हीच. सगळी एकदम चमकतात, कारण सगळ्यांचे पैलू एकाच दिशेला आहेत. एकाच स्फटिकाची आहेत ना ती.

आणि हिरवं एकाच अंगाला का? क्लोराइटचे कण पाण्यातून धुळीसारखे खाली बसतात. जी बाजू वर होती तिच्यावर बसले. म्हणजे हा आडवा पडलेला होता, हिरवी बाजू वर, स्वच्छ बाजू खाली रेतीत.

"भिंतीला नव्हता, मातीत निजला होता." आजोबांनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं.

आल्प्सकर
अंगावर काटा आला. काकू, इथे असे स्फटिक जाणकार मुद्दाम शोधतात. शेजाऱ्यांना सांगा.

सह्यवेडा
पोतंभर गारगोट्यांचा प्रस्ताव मागे घेतो, काकू.

नीलिमा_ज
हा धुवायचा कसा, कुणी सांगेल का? काकू नक्की धुवायला घेतील!

खडकवाचक
साधं पाणी, मऊ ब्रश. गरम पाणी नको, आतल्या भेगांतल्या थेंबांनी तडकू शकतो. आणि हिरवं घासून काढू नका.

मंदाकिनी_सातारा
घासणार नाही.

रात्री मुलाला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, ते आजोबा आणखी एक शब्द बोलले होते. 'गेहाइल्ट'. म्हणजे बरा झालेला, जखम भरून आलेला. दगडाबद्दल असं कोण म्हणेल, मीच चुकीचं ऐकलं असेन, म्हणून तुला सांगितलं नाही."

आतापर्यंत मी तो टोक वर करून, पेल्यात उभा ठेवला होता. आज कापसावर आडवा ठेवलाय. हिरवी बाजू वर.